सत्तावन्न सेकंदांचा साक्षीदार

ल्यूशियस वॉर्डलॉ उत्तर फिलाडेल्फियातल्या एका शाळेचा बॉयलर सांभाळायचा. चांगला सांभाळायचा. गेल्या दहा हिवाळ्यांत त्या शाळेत एकही मूल गारठलं नव्हतं. पण त्याबद्दल त्याला कुणी कधी काही विचारलं नाही. लोक विचारायचे ते सत्तावन्न सेकंदांबद्दल.

अकरा वर्षांपूर्वी अटलांटिक सिटीतल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये तो ड्वेन कॅल्डरशी लढला होता. तेव्हा कॅल्डर कुणीच नव्हता. पोस्टरवर त्याचं आडनावसुद्धा चुकीचं छापलं होतं. ल्यूशियस सत्तावन्नाव्या सेकंदाला बाद झाला. तीन वर्षांनी कॅल्डर हेवीवेटचा जगज्जेता झाला, आणि त्यानंतरची आठ वर्षं त्याच्या कमरेचा पट्टा कुणाला सोडवता आला नव्हता. कॅल्डर जसजसा मोठा होत गेला, तसतसा ल्यूशियसचा पराभवही मोठा होत गेला. पडीक जमिनीच्या कडेनं हमरस्ता जावा आणि मालकानं काडीही न हलवता तिला भाव यावा, तसं काहीसं.

हा भाव ठरायचा जर्मनटाउन अव्हेन्यूवरच्या हर्शेल पिंकनीच्या केशकर्तनालयात, दर शनिवारी. तिथल्या मोठ्या आरशाच्या वर एक पुठ्ठा टांगलेला होता, आणि त्यावर मुष्टियोद्ध्यांच्या हातांना बांधतात त्या पांढऱ्या चिकटपट्टीचे दहा तुकडे एकाखाली एक लावलेले होते. प्रत्येक तुकड्यावर एक नाव. आजवरचे सर्वांत थोर दहा हेवीवेट. पट्टी वर-खाली करायची तर तिघांचं एकमत लागायचं: खुद्द हर्शेल, चर्चचे डीकन ब्रॅझिल आणि बस चालवणारा टायरी फेल्टन. या तिघांचं एरवी आजच्या वाराबद्दलही एकमत होत नसे. त्यामुळे पुठ्ठा फारसा हलत नसे. वरच्या दोन पट्ट्या तेवढ्या, जो लुई आणि अली, अधूनमधून जागा बदलायच्या. त्यांचा डिंक झिजून गेला होता.

आणि तिसरा होता कॅल्डर. त्याला तिथं बसवण्यासाठी दोन वर्षांपूर्वी गावच्याच फ्रेझरला चौथ्यावर उतरवावं लागलं होतं, आणि फिलाडेल्फियात फ्रेझरला खाली उतरवणं म्हणजे घरच्या देवाला देव्हाऱ्यातून काढून जिन्याखाली ठेवणं. डीकन ब्रॅझिल महिनाभर हर्शेलशी बोलले नव्हते. केस कापायला मात्र येत होते.

हे घडवलं होतं ल्यूशियसनं. कॅल्डरच्या विरोधात बोलणाऱ्यांचा एकच मुद्दा असायचा: त्यानं हरवलं कुणाला? "एक ट्रकवाला, दोन पोटवाले आणि एक तो कोण, ज्याला रिंगमध्ये चष्मा हवा होता," टायरी म्हणायचा. "सगळ्या गोण्या. बटाट्याच्या. वासरांत लंगडी गाय शहाणी." मग तो ल्यूशियसकडे वळून हात जोडायचा. "तू सोडून, ल्यूश."

"तू सोडून, ल्यूश," बाकीचे एका सुरात म्हणायचे. हा त्या दुकानाचा शिष्टाचार होता.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी ल्यूशियस उठून म्हणाला होता, "लुईचा ठोसा मी खाल्लेला नाही. अलीचा नाही. तुमच्यापैकीही कुणी खाल्लेला नाही. पण कॅल्डरचा मी खाल्लाय. दोरी तुटून लिफ्ट डोक्यावर यावी, तसा होता तो. माणूस असा ठोसा मारू शकत नाही." यावर कुणाला काय बोलता येणार? बाकीच्यांची मतं होती. याच्याकडे साक्ष होती. पट्टी तिसऱ्या जागी गेली. नवी चिकटपट्टीही ल्यूशियसनंच घरून आणून दिली.

साक्षीत दोष एवढाच होता, की ती खोटी होती.

आता ॲम्ब्रोज टॉलिव्हरबद्दल सांगायला हवं. वय वर्षं चौऱ्याहत्तर. तीस वर्षं त्यानं वस्तीच्या क्रीडा केंद्राच्या तळघरात पोरांना मुष्टियुद्ध शिकवलं. ल्यूशियसला त्यानंच घडवलं, आणि अटलांटिक सिटीत रिंगबाहेर ल्यूशियसच्या कोपऱ्यात तोच उभा होता. तो पोरांना पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवायचा: पडलात तर लगेच उठायचं नाही. मूर्ख लगेच उठतो. एक गुडघा टेकून बसा, श्वास घ्या आणि माझ्याकडे बघा. कानात घंटा वाजत असते, लोक ओरडत असतात, पंचाची मोजणी ऐकू येत नाही. म्हणून मी बोटं दाखवीन. आठ बोटं दिसली की उठा. त्याच्या आधी नाही, त्याच्या नंतर नाही.

ल्यूशियस त्या रात्री गुडघ्यावर बसून राहिला, पंचानं दहा म्हणून लढत संपवली, आणि वर्तमानपत्रवाल्यांनी विचारल्यावर टॉलिव्हरनं सांगितलं, "चूक माझी. मोजताना माझा गोंधळ झाला. पंच नऊवर होता आणि मी सहा दाखवत होतो."

दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव 'नऊ' पडलं. हळूहळू पोरांच्या आया पोरांना दुसरीकडे पाठवू लागल्या. ज्याला आठपर्यंत मोजता येत नाही त्याच्या हाती पोराचं डोकं कोण देईल? तळघरात आता तो एकटाच जायचा, झाडू मारायचा, लोंबत्या पिशव्यांवरची धूळ झटकायचा. दुकानात आला की कुणीतरी म्हणायचं, "नऊ आला," आणि तो हॅट काढून म्हणायचा, "गुड मॉर्निंग, जंटलमन."

त्या मार्चमध्ये क्रीडा केंद्राची डागडुजी झाली आणि तळघराला कुणाचं तरी नाव द्यायचं ठरलं. वस्तीनं एक नाव सुचवायचं होतं, आणि अर्ज डीकन ब्रॅझिलांच्या खिशात होता. नावं दोन होती. एक टॉलिव्हर. दुसरे एक दिवंगत गृहस्थ, ज्यांनी केंद्राला एकदा चाळीस घडीच्या खुर्च्या दिल्या होत्या.

शनिवारी हा विषय निघाला तेव्हा ल्यूशियस खुर्चीत मान मागे टाकून पडला होता आणि हर्शेलचा वस्तरा त्याच्या गळ्याशी होता. वस्तऱ्याखालच्या माणसानं बोलायचं नाही, अशी दुकानात पाटीच होती. मागे एकदा पुठ्ठ्यावरच्या मार्सियानोचं नाव ऐकून एका गिऱ्हाइकानं जोरात मान हलवली होती. तेव्हापासून त्याच्या एका कानाची पाळी आखूड होती.

"टॉलिव्हर," डीकन म्हणाले. "तीस वर्षं माणूस त्या तळघरात होता. खुर्च्यावाला तिथं एकदाही उतरला नाही."

"पण खुर्च्या चाळीसच होत्या ना, डीकन?" टायरी म्हणाला. "मोजून दिल्या होत्या ना? कारण नऊनं दिल्या असत्या तर किती आल्या असत्या, देव जाणे."

दुकान हसलं. हर्शेलचा हातही हसताना किंचित हलला, आणि ल्यूशियसनं श्वास रोखला.

"थट्टा नाही करत," टायरी पुढं म्हणाला. "पाटी काय लावणार? 'मुष्टियुद्ध प्रशिक्षण. आठपर्यंत मोजता येणं आवश्यक नाही'? या बिचाऱ्याला विचारा. जगज्जेत्यासमोर गुडघ्यावर बसलेला हा, कोपऱ्याकडे बघतोय, आणि कोपऱ्यात सहा!"

हर्शेलनं वस्तरा बाजूला घेतला, फडक्याला पुसला. "खरंय. नुकसान ल्यूशचं झालं. त्याचा शब्द महत्त्वाचा. बोल, ल्यूश. वस्तरा उचललाय."

आरशात सगळे त्याच्याकडे बघत होते. अर्ध्या तोंडाला फेस होता. अकरा वर्षांत इतकी सोपी संधी त्याला आली नव्हती. चार शब्दांचं काम होतं.

ल्यूशियस म्हणाला, "म्हातारा माणूस आहे. चूक कुणाचीही होते. मी तर केव्हाच माफ केलंय त्याला."

दुकानात क्षणभर शांतता पसरली, चांगल्या वाक्यानंतर पसरते तशी. मग दाराशी कुणीतरी घसा खाकरला. टॉलिव्हर हॅट हातात घेऊन उभा होता. केव्हापासून, कुणास ठाऊक.

"आभारी आहे, ल्यूशियस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काहीही नव्हतं. "हर्शेल, माझा नंबर कितवा?"

"नववा!" टायरी ओरडला, आणि या वेळी लोक पोट धरून हसले.

आरशात ल्यूशियसला आपला चेहरा दिसत होता. उरलेली दाढी होईपर्यंत त्याला तो बघत बसावं लागलं. डोळे मिटता आले असते, पण ते त्याला मागाहून सुचलं.

पुढचे दिवस बॉयलरपाशी गेले. बॉयलर हा विचार करायला वाईट सोबती. तो मध्ये बोलत नाही. ल्यूशियसला त्या रात्रीचं सगळं लख्ख आठवत होतं, आणि हीच तर मुख्य अडचण होती. नॉकआउट झालेल्याला काही आठवत नाही. कॅल्डरचा उजवा हात त्याच्या कपाळाला घासून गेला होता, पाय पायात अडकला होता, आणि तो घसरून पडला होता. हॉलमधला एकुलता एक कॅमेरा कॅल्डरच्या मागे होता. चित्रफितीत दिसते ती कॅल्डरची पाठ, आणि मग खाली बसलेला ल्यूशियस. तो गुडघ्यावर बसला. कानात घंटा वगैरे काही नव्हती. पंचाचे आकडे स्वच्छ ऐकू येत होते. सहाला त्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. टॉलिव्हरची सहा बोटं वर होती. मग सात. मग आठ: दोन्ही हात, अंगठे दुमडलेले. त्या बोटांच्या मागे म्हाताऱ्याचे डोळे होते. आणि ल्यूशियसला वाटलं, इथं बरं आहे. भीती नव्हे, भीती सांगता तरी आली असती. नुसतं बरं वाटत होतं, थंडीत सकाळी पांघरुणात वाटतं तसं. त्याच्या मनात आलं, या माणसासमोर सगळेच पडतात, मला कोण नावं ठेवणार? हा हिशोब बरोबर निघाला. नावं दुसऱ्याला ठेवली गेली.

बुधवारी तो टॉलिव्हरच्या घरी गेला. म्हातारा स्वयंपाकघरात टॉवेलांना इस्त्री करत होता. तळघरातले टॉवेल. कुणी वापरत नसतानाही तो ते दर आठवड्याला धुवायचा.

"मिस्टर टॉलिव्हर, त्या रात्री..."

"बस. कॉफी घे."

"त्या रात्री तुम्ही आठ दाखवले होते."

"मला काय सांगतोस," टॉलिव्हर म्हणाला. इस्त्री थांबली नाही. "मी चार फुटांवर होतो. माझीच बोटं."

"मग पेपरवाल्यांना तसं का सांगितलंत?"

"तू टॉवेलात तोंड घालून रडत होतास. तो पेपरवाला पेन्सिल घेऊन उभा. काहीतरी सांगणं भाग होतं." त्यानं टॉवेलाची घडी घातली, कडा जुळवल्या. "मला वाटलं, आठवडाभराचा प्रश्न आहे. तू सावरशील, मग तूच सांगशील. इतकं टिकेल असं कुणाला वाटलं होतं?"

अकरा वर्षं हा माणूस तो आठवडा संपायची वाट पाहत होता.

"मी काय करू?"

"ते तुझं तू बघ. मी आता तुझ्या कोपऱ्यात नाही, पोरा." मग जरा वेळानं, "माफ केलंस म्हणे मला. ते मात्र जरा जास्त झालं."

पुढच्या शनिवारी ल्यूशियस सगळ्यांच्या आधी दुकानात गेला, पण खुर्चीत बसला नाही. आरशाजवळच्या बाकावर बसून वाट पाहिली. डीकन आले, टायरी आला, बाकीचे आले. डीकननी खिशातून अर्ज काढून गुडघ्यावर सरळ केला. "तर मग," ते म्हणाले, "खुर्च्यावाला की तळघरवाला?"

"टॉलिव्हरनं बरोबर मोजलं होतं," ल्यूशियस म्हणाला. "आठ बोटं दाखवली होती. मी पाहिली होती. मी उठलो नाही."

मग डीकन ब्रॅझिल उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "नुसतं माफ करून थांबला नाही. दुसऱ्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेतोय. पंचेचाळीस वर्षं चर्चमध्ये जातोय मी. असा ख्रिस्ती माणूस पाहिला नाही."

"ल्यूश, लेका," टायरी म्हणाला, आणि त्यानं चक्क टोपी काढली. "मी मागच्या वेळी जे बोललो ते विसर. तुझं मन लई मोठं आहे."

"बस खुर्चीत," हर्शेल म्हणाला. "आजची दाढी माझ्याकडून."

"मी खरं सांगतोय!"

"हो, हो," हर्शेल प्रेमानं म्हणाला. "बस."

ल्यूशियस खुर्चीकडे गेला नाही. खोटं बोलून मान मिळाला होता, तो पचला होता. आता खरं बोलूनही मानच मिळत होता, आणि तो आधीच्यापेक्षा दुप्पट. अशी लाज त्याच्या ओळखीची नव्हती. आजवर लाजेला लपायला जागा होती; आता तिला हार घालून पाटावर बसवलं जात होतं.

त्यानं आरशाकडे पाहिलं, आणि मग आरशाच्या वर. बाकावर चढून त्यानं हात वर केला आणि कॅल्डरची पट्टी उचकटली.

"ए!" टायरी ओरडला. "तिघांचं मत!"

"त्याचा ठोसा मला लागलाच नाही," ल्यूशियस बाकावरूनच म्हणाला. पट्टी त्याच्या बोटाला चिकटली होती. "कपाळाला घासून गेला. पाय अडकला आणि मी पडलो. लिफ्ट नाही, दोरी नाही, काही नाही. माझ्या बायकोनं दार लावताना मला याहून जोरात लागलंय. तो तिसरा नाही. तिसरा आहे हे मी तुम्हाला सांगितलं, कारण तो जितका वर, तितका मी वर. त्याचा उजवा हात उशिरा येतो आणि उंच जातो. मी बघितलाय. शुद्धीवर असताना."

त्यानं पट्टी मार्सियानोच्या खाली, सहाव्या जागी लावली आणि अंगठ्यानं दाबली.

हर्शेलनं वस्तरा मिटला. डीकननी ल्यूशियसच्या खांद्यावर ठेवलेला हात कधीच खाली आला होता. आता त्यांनी तो खिशात घातला.

"थांबा," टायरी हळूहळू म्हणाला. तो बस वळवताना घ्यायचा तेवढा वेळ घेत होता. "माणूस आपल्या गुरूसाठी खोटं बोलेल. समजू शकतो. पण ज्यानं आपल्याला पाडलं त्याला कुणी खाली आणतं का? अरे, माझ्या भावाला एका उंच पोरानं शाळेत मारलं होतं. तीस वर्षं तो त्या पोराची उंची वाढवतोय. आता सात फुटांवर आलाय." त्यानं ल्यूशियसकडे पाहिलं. "हा खरं बोलतोय."

हे सिद्ध व्हायला दुसरा कुठलाही पुरावा चालला नसता. पट्टीनं काम केलं.

ल्यूशियस बाकावरून उतरला आणि कोपऱ्यातल्या एका खुर्चीत बसला. त्याला वाटलं होतं, आता शिव्या पडतील. कुणीतरी थुंकेल, कुणीतरी दार दाखवील. त्याची तयारी होती. पण दुकानात झालं ते वेगळंच. डीकन पुठ्ठ्याकडे बघत होते. "म्हणजे फ्रेझर परत तिसरा," ते पुटपुटले, आणि आपल्याला आनंद झाल्याचं लक्षात येऊन त्यांनी घाईनं चेहरा गंभीर केला.

"नुसता फ्रेझर नाही," हर्शेल म्हणाला. "हा एक नॉकआउट खोटा, तर बाकीचे कशावरून खरे? तो चष्मेवाला तरी लागून पडला होता का?"

"सगळे नव्यानं तपासायला हवेत!"

"पण आठ वर्षं पट्टा आहे कमरेला!"

"गोण्या मारून! मी काय म्हणत होतो? बटाट्याच्या गोण्या!"

टायरी सवयीनं ल्यूशियसकडे वळला. हात जोडायला वर आले, मध्येच थांबले, आणि त्यानं ते मांडीवर पुसले. 'तू सोडून, ल्यूश' असं कुणीच म्हटलं नाही. कॅल्डर पाचवा की सातवा यावर तासभर कडाक्याचं भांडण झालं. त्यात ल्यूशियसला कुणी एक प्रश्न विचारला नाही. इतकी वर्षं तो त्या चर्चेत पुरावा होता. आता तो गिऱ्हाईकही उरला नव्हता. डीकननी मात्र त्या गोंधळातच अर्ज पुन्हा गुडघ्यावर घेतला, पेन झटकलं, आणि टॉलिव्हरचं पूर्ण नाव सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिलं. टायरी वाकून बघत होता. त्यानं काही थट्टा केली नाही.

अकराच्या सुमारास दार उघडलं. टॉलिव्हर आत आला, हॅट काढली. "गुड मॉर्निंग, जंटलमन."

"या, मिस्टर टॉलिव्हर," हर्शेल म्हणाला.

म्हातारा जागच्या जागी थांबला. "कोण मेलं?"

सगळ्यांना एकदम आपल्या बुटांमध्ये रस निर्माण झाला. टॉलिव्हरनं त्यांच्यावरून नजर फिरवली, मग आरशाच्या वर पाहिलं. फ्रेझर तिसरा. कॅल्डर सहावा, पट्टी जरा वाकडी, एका टोकाला अंगठ्याचा काळा ठसा. बॉयलरवाल्याच्या अंगठ्याची काजळी धुतली तरी जात नाही. पुठ्ठा वाचायला त्याला वेळ लागला नाही. तीस वर्षं तो पोरांचे चेहरे वाचत आला होता, ही तर नुसती दहा नावं होती.

मग त्यानं बसायला जागा शोधली. दुकान भरलं होतं. त्याची नजर कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन थांबली. तिथं ल्यूशियस गुडघ्यांवर कोपरं टेकून, मान खाली घालून बसला होता. टॉलिव्हरनं हॅट काखेत धरली आणि दोन्ही हात छातीपर्यंत वर केले, अंगठे दुमडून.

ल्यूशियसनं वर पाहिलं. मग तो उठला आणि भिंतीला लागून उभा राहिला.

टॉलिव्हर सावकाश येऊन त्या खुर्चीत बसला, हॅट मांडीवर ठेवली, आणि जरा सरकून नीट टेकला.

"चांगली गरम आहे," तो म्हणाला.

त्याच्यापुढे आठ जण होते. हर्शेलनं त्यालाच आधी बोलावलं, पण तो उठला नाही. आपला नंबर येईपर्यंत बसून राहिला. ल्यूशियसही तोपर्यंत उभाच राहिला.